तू पाणी मोजायचीस, फिलू

फिलू, तू गेल्याला आज बारा दिवस झाले. तुझ्या सातव्या दिवसाच्या मिस्सेला मी चर्चमध्ये आले होते. चौथ्या बाकावर, खांबाच्या मागे बसले. पुढचे तीन बाक तुझ्या माणसांनी भरलेले. तुझा भाऊ आंतोन, त्याची बायको, उत्तनजवळच्या पालीच्या मासळी विकणाऱ्या बायका, शेजारच्या चौक गावातले बोट चालवणारे दोन नाखवे, सगळे रडत होते. आणि मला काय वाटलं ते तुलाच सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. मला त्यांचा हेवा वाटला. त्यांना तुझ्यासाठी उघड रडता येत होतं. मी ऑफिसातली. माझ्या शेजारच्या बाईने मला विचारलं, "आप उनके साथ काम करती थीं क्या?" मी मान हलवली. बावीस वर्षांचं आपलं जे काही होतं, ते त्या एका मान हलवण्यात उरकलं.

मग तुझाही हेवा वाटला. मेलेल्या माणसाचा! इतकी माणसं माझ्यासाठी येतील का, हे मी तिथे बसून मोजलं. मीरा रोडच्या आमच्या सोसायटीतली किती, ऑफिसातली किती. मोजणं हाच माझा धंदा, तो तिथेही सुटला नाही.

आपण एकाच वर्षी मत्स्यसंशोधन संस्थेत लागलो. मी डॉक्टरेट घेऊन आलेली शास्त्रज्ञ, तू बंदरावर मासळीची नोंद करणारी सहायक. दादरहून आम्ही नुकतेच मीरा रोडला राहायला आलो होतो. उत्तनला समुद्र आहे हे मला नकाशावरून ठाऊक होतं. पहिल्या दिवशी तू मला भाईंदर स्टेशनवरून स्कूटरवर मागे बसवून पालीला नेलंस. मी हातात फॉर्म घेऊन नाखव्याला विचारलं, "काल किती वेळ जाळं पाण्यात होतं?" त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तू बोटीच्या कडेला टेकून म्हणालीस, "काय रे, काल भरतीला गेलेलास का पाण्यात? जाळा कवा उचलला?" तो हसला आणि त्याने सगळं सांगितलं. जाळं कधी टाकलं, कधी उचललं, पाण्याला ओढ किती होती, बोंबील किती, त्यात बारीक किती. मी भराभर लिहून घेतलं. तेव्हापासून माझ्या पोटात दुखायला लागलं असावं.

चारचौघांत तू मला 'मॅडम' म्हणायचीस आणि एकटी असताना 'मेधा'. त्या 'मॅडम'मध्ये तू इतका खट्याळपणा भरायचीस की साहेबांसमोर मला हसू आवरावं लागायचं. मीही हसायचे. हे विसरू नकोस. सगळाच काळ मी जळत बसले नव्हते. तुझ्या वहिनीने केलेल्या सुक्या बोंबलाच्या चटणीची बरणी माझ्या टेबलाच्या खणात कायम असायची. माझे वडील गेले तेव्हा तू चार दिवस माझ्या घरी येऊन मुकाट भांडी घासलीस. हे सगळं मला आठवतं, आणि आठवलं की दुसरंही लगेच आठवतं.

ते बोंबलाचं वर्ष.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर बोटी निघाल्या आणि बोंबील असा आला की बांबूंवर वाळत घालायला जागा पुरेना. पालीपासून चौकपर्यंत सगळीकडे तोच वास. आपलं काम ठरलेलं होतं. समुद्रातली मासळी कुणी मोजू शकत नाही, म्हणून आपण एका जाळ्यामागे एका फेरीत किती आली ते मोजतो आणि त्यावरून पाण्यात साठा किती असेल याचा अंदाज बांधतो. जाळ्यामागे जास्त आली म्हणजे साठा चांगला. इतकी वर्षं मी हेच करत आले होते. माझं मॉडेल म्हणालं, साठा उत्तम. मी रिपोर्ट लिहायला घेतला. सरकारच्या मासेमारी समितीला कळवायचं होतं की आणखी डोल जाळी, म्हणजे समुद्रात एका जागी बांधून ठेवायची पिशवीसारखी जाळी, लावायला हरकत नाही. दोन्ही गावांतल्या लोकांना तेच हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना आवडेल असं काही सांगणार होते.

तेवढ्यात तू खेकड्यांची गोष्ट घेऊन आलीस.

"मेधा, खेकडे दोरावर चढलेत."

"कुठल्या?"

"जाळ्याच्या. तळाला असतात ते एवढे वर येऊन दोराला चिकटून बसलेत. आंतोन म्हणतो, खाली पाणी मेलंय."

"पाणी मरतं का कधी?"

"तोच शब्द आहे त्यांचा. खाली श्वास घ्यायला काही उरलं नसणार. खोल समुद्रातलं पाणी तळातून किनाऱ्याकडे आलं असेल. मासळी त्याच्यापुढे पळत पळत इथे जमलीय. आपली जाळी एका जागी बांधलेली. ती आयतीच सापडतेय."

ऑफिसच्या कपाटात पाण्यातला प्राणवायू मोजायचं एक मीटर पडून होतं, दुसऱ्या कुठल्यातरी प्रकल्पासाठी घेतलेलं. ते तू मागितलंस. मी रजिस्टरवर सही केली, पण कशी केली ते तुला आठवत असेल. पेन आपटून. तू रोज आंतोनच्या बोटीवर जायला लागलीस. जाळ्याशेजारी वायर सोडायचीस, वर, मध्ये, तळाला असं मोजायचीस आणि पाण्याचा गारवा, खारेपणासुद्धा. संध्याकाळी माझ्या टेबलावर कागद ठेवून जायचीस. तळाचे आकडे खरंच पडलेले होते. ज्या दिवशी ते सगळ्यात खाली, त्या दिवशी पकड सगळ्यात जास्त. मी ते कागद वाचायचे आणि खणात ठेवायचे. चटणीच्या बरणीखाली.

समितीच्या मीटिंगला निघालो तेव्हा काशीमीराला ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली, म्हणून आपण हायवेवरच्या एका हॉटेलात चहाला उतरलो. तिथे आपलं भांडण झालं. ड्रायव्हर बिचारा दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला.

"तू जाळं मोजतेस, मेधा. पाणी मोजत नाहीस."

"एका बोटीवरून दोन महिने घेतलेली मोजमापं. त्यावर मी अख्ख्या साठ्याचा निष्कर्ष काढू?"

"निष्कर्ष नको काढूस. शंका तरी लिही. लिही की ही भरभराट नसेल, चेंगराचेंगरी असेल."

"शंकेवर मॅनेजमेंट चालत नाही, फिलू. लोक विचारतील, जाळी वाढवू की नको? त्यांना काय सांगू, थांबा, खेकड्यांना विचारून येते?"

तू चहा तसाच ठेवलास. म्हणालीस, "तुला हे पटलंय. तुझ्या तोंडावरून दिसतंय मला. पण ते मी सांगितलं म्हणून तुला नकोय."

मी काहीतरी लागेल असं बोलले. तुझ्या शिक्षणाबद्दल. ते वाक्य मी इथे पुन्हा लिहिणार नाही, तुला ठाऊक आहे. तू उठून गाडीत पुढे, ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलीस. तुझं म्हणणं अर्धं खरं होतं, अर्धं नव्हतं. शास्त्रीय आक्षेप माझा खराच होता, आजही मी तो घेईन. पण तीच गोष्ट एखाद्या प्राध्यापकाने पत्रात लिहिली असती, तर मी दुसऱ्या दिवशी तीन बोटींवर तीन मीटर लावले असते. हेही खरं.

समितीला मी 'साठा उत्तम' असंच सांगितलं. तुझे आकडे रिपोर्टच्या शेवटी जोडले, 'स्थानिक निरीक्षणे' या मथळ्याखाली. कुणी पान उलटून तिथवर पोहोचलं नाही.

मग चौकला गावाची बैठक झाली. शाळेच्या हॉलमध्ये, पंखे बंद, सगळे घामाघूम. मी जाहीर केलं की जाळी वाढवायला आमची हरकत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी त्या गावात वाजलेल्या त्या पहिल्या टाळ्या. आणि तू मागच्या रांगेतून उठलीस.

"मॅडमनी सांगितला ता हिशोबान बरोबर हाय," तू म्हणालीस. मला खाली पाडायचं नाही, एवढं तू तेव्हाही पाहिलंस. "पन माजा आयका. मासली वाढली न्हाय. ती पलून आलीय. खाली तिला दम घेवाला जागा न्हाय. आता जाली वाढवलीव त पुढल्या वर्साला अंडी घालनारी पन आताच काढून बसाल."

हॉलमध्ये गलका झाला. तुझे सख्खे काका उभे राहून ओरडले, "आमच्याच घरातली आमच्याच पोटावर उठली!" कुणीतरी म्हणालं, हिला पगार मिलतो, हिचा काय जाता? तू उभीच राहिलीस. मी मंचावरून पाहत होते. मला तुझ्या बाजूने एक वाक्य बोलता आलं असतं. "ही शंका आम्ही तपासतो आहोत," एवढंच. मी पाण्याची बाटली उघडून पाणी प्यायले.

शेवटी रोझामावशी उठली, पालीची मासळीवाली. ती म्हणाली, "बारीक बोंबील येतो हाय, ह्या मी बी बगतंय. वालत घातला त काडी व्हते. फिलू खोटा कशाला बोलंल? तिचाच भाऊ बोटीवर जातो." तेवढ्याने वारं फिरलं. एकदम नाही, तासभर भांडण चाललंच. पण लोकांनी ठरवलं की त्या वर्षी जाळी वाढवायची नाहीत, आणि खेकडे दोरावर दिसले की चार दिवस जाळं उचलून ठेवायचं. सरकारचा कुठलाही कागद नसताना! मी गोड बातमी दिली होती आणि तू कडू. त्यांनी तुझी घेतली. तुझे काका वर्षभर तुझ्याशी बोलले नाहीत, तरी त्यांनीही जाळं वाढवलं नाही.

परत येताना तू स्कूटरवर होतीस आणि मी बसमध्ये. खिडकीतून तू पुढे जाताना दिसलीस. मी मनात म्हटलं, पुढच्या वर्षी कळेलच.

पुढच्या मोसमात मी रोज सकाळी पालीचे आकडे मागवायचे. भरपूर बोंबील यावा म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते. लोकांची घरं चालावीत म्हणून नाही, फिलू. तू चूक ठरावीस म्हणून. देवाकडे मागितलं ते चांगलं, पण का मागितलं ते कुणाला सांगायची लाज वाटावी.

बोंबील आला नाही. सगळ्याच किनाऱ्यावर ओढाताण झाली. पाली-चौकला थोडं बरं होतं, असं लोक म्हणायचे, आणि श्रेय तुला द्यायचे. मी तेव्हा म्हटलं आणि आजही म्हणेन की हे सिद्ध करता येत नाही. तोच समुद्र पुन्हा मागे नेऊन, जाळी वाढवून पाहता येत नाही. तूही हेच म्हणायचीस. "माहीत नाही गं, असेल, नसेल." तुझ्या या 'माहीत नाही'चासुद्धा मला राग यायचा. जिंकल्यावर माणसाने थोडं तरी मिरवावं. म्हणजे समोरच्याला चिडायला जागा मिळते.

तू मिरवलं नाहीस. तू माझ्या टेबलाशी आलीस आणि म्हणालीस, "आता तरी पाणी घालशील का तुझ्या मॉडेलात?"

मी घातलं. दोन वर्षं लागली. पकड आणि पाणी एकत्र मांडायचं, मासळी किती आहे आणि ती हाताशी किती येते या दोन गोष्टी वेगळ्या काढायच्या, हे सोपं नव्हतं. ते गणित माझं होतं. एवढं तरी मला माझं म्हणू दे. ज्या दिवशी ते सुटलं त्या दिवशी तू माझ्या खुर्चीमागे उभी होतीस. पडद्यावर जुन्या भरघोस वर्षाच्या साठ्याचा आकडा खाली आला आणि तू माझ्या खांद्यावर थाप मारलीस. इतकी जोरात की चष्मा खाली पडला. ती माझ्या नोकरीतली सगळ्यात आनंदाची दुपार होती. तुझ्याशिवाय ती मला मिळाली नसती.

आणि त्यानंतर मी जे केलं ते तुला तोंडावर कधीच सांगितलं नाही.

दक्षिणेतल्या एका शहरात मोठी कार्यशाळा होती. आयोजकांचं पत्र आलं. त्यांनी आपला रिपोर्ट वाचला होता, शेवटच्या पानांसकट. विचारलं होतं, प्राणवायूची कल्पना मुळात कोणाची? ज्यांची आहे त्यांनाच बोलवायचं आहे. मी उत्तर लिहिलं, 'हे संपूर्ण गटाचे काम आहे,' आणि खाली माझं नाव दिलं. मी गेले. बोटीचं वर्णन केलं, खेकड्यांचं वर्णन केलं, जणू दोराला हात लावून मीच पाहिले होते. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तू मला त्या सकाळी फोन केला होतास, "नीट जा. मासळीचं बरोबर सांग म्हणजे झालं." मी परत आल्यावर तू विचारलंस, "कसं झालं?" मी म्हटलं, "ठीक." त्यापुढे तू कधी विषय काढला नाहीस, आणि मी तर नाहीच नाही. अकरा वर्षं. मला वाटायचं, तुला माहीत नाही.

मिस्सेनंतर सगळे तुझ्या घरी गेले. मी निघणार होते, पण आंतोनने अडवलं. अंगणात खुर्ची टाकून दिली. तुझी वहिनी चहा घेऊन आली. आंतोन समोर बसला आणि म्हणाला, "मॅडम, एक सांगू? राग न्हाय ना येनार? फिलू तुमच्यावर लय जलायची."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"माझ्यावर?"

"हां. घरी आली का सुरू. मेधाला सगला लिवता येता. मेधा बोलली का सायब लोक आयकतात. मी पन शिकले असते त... अशी. जेवताना चालूच तिचा. मी बोलायचो, अगो गप बस, मासा खा."

तो हसला, तशी तुझी वहिनीही हसली. मी हसले नाही. आधी आनंद झाला, खोटं कशाला बोलू. बावीस वर्षं मी एकटी नव्हते. आणि लगेच मागून दुसरं आलं. तू हे जेवताना बोलायचीस. भावाला, भावजयीला, मोठ्याने. तुझ्या घरात तो चेष्टेचा विषय होता. मी माझ्या नवऱ्यालाही कधी कळू दिलं नाही. जळायचंसुद्धा तुला माझ्यापेक्षा चांगलं जमायचं, फिलू.

मग मी त्याला कार्यशाळेचं सांगितलं. तिथेच, अंगणात. पत्र काय होतं, मी काय उत्तर दिलं, सगळं. शेवटी म्हटलं, "तिला हे माहीत नव्हतं."

आंतोन खाली पाहत होता. "व्हता," तो म्हणाला. "तिला कोनीतरी सांगितला. दोन दिस जेवली न्हाय ती. मागच्या दारी बसून रडली." तुझ्या वहिनीने त्याला डोळ्यांनी खुणावलं, तरी तो थांबला नाही. "मग मी बोललो, जा, भांड तिच्याशी. त ती बोलली, न्हाय. मी गेली असती त माजा कोन आयकला असता? तिचा तरी आयकतील. आनि मग बोलली, पन एकदा माजा नाव घेवाला पायजे व्हता."

चहा हातात गार झाला. भाईंदरला जाणाऱ्या रिक्षात मला आंतोनच्या मुलीने बसवून दिलं.

तू मला माफ केलंस, असं मी म्हणणार नाही. तू तसं म्हणाली नव्हतीस. तू माझा उपयोग ओळखलास आणि दुःख गिळलंस. या दोन्ही गोष्टी मला अकरा वर्षं दिसल्या नाहीत, आणि मी स्वतःला निरीक्षण करणारी बाई म्हणवते.

त्या अकरा वर्षांत तू मला एकदाही बोंबील कमी दिला नाहीस. बोटीवरून आणलेल्या मासळीचे वाटे करताना माझा वाटा तुझ्याएवढाच असायचा. तू माझ्याशी भांडायचीस, पण त्या एका गोष्टीवरून कधीच नाही. मी ते तुझं अज्ञान समजले. आता उलटं वाचायला लागते तेव्हा प्रत्येक दिवस जड वाटतो.

काल समितीची बैठक होती. या मोसमाचा सल्ला द्यायचा होता, आणि आता पाण्याचे आकडे पहिल्याच पानावर असतात. मी सांगितलं की तळाच्या पाण्यातला प्राणवायू पुन्हा घटतोय, पकड वाढलेली दिसेल, तिच्यावर विश्वास ठेवू नये, जाळी वाढवू नयेत. नवे अध्यक्ष आहेत, हुशार, तरुण. त्यांनी विचारलं, "उत्तम. ही पद्धत बसवली कुणी? तुम्हीच ना?"

माझ्या जिभेवर 'आमच्या गटाने' आलं होतं. इतक्या वर्षांची सवय.

मी तुझं नाव सांगितलं. नुसतं फिलू नाही, पूर्ण नाव, पालीच्या पत्त्यासकट. म्हटलं, कल्पना तिची, आकडे तिचे, मी गणित केलं. कार्यशाळेत मी हे सांगितलं नव्हतं, तेही सांगितलं. छातीत काहीतरी टोचलं, फिलू. इतक्या वर्षांनीही टोचलंच. ते जाईल असं मला वाटत नाही.

अध्यक्षांनी पेन उचललं. "माफ करा, नाव नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांगाल?"

मी पुन्हा सांगितलं. एकेक अक्षर सुटं करून, त्यांचं लिहून होईपर्यंत.